पाठराखण नसलेली पुस्तके

एखादी कादंबरी वाचून संपवलेला वाचक ती दुसऱ्याच्या हाती देताना जे दोन शब्द बोलतो, त्यांना मराठी वाङ्मयव्यवहारात स्वतंत्र नाव नाही. समीक्षा, परीक्षण, परिचय आणि रसग्रहण हे चारही शब्द मुख्यतः लेखी मजकुरासाठी राखले गेले आहेत, तर फारसीतून आलेला ‘शिफारस’ हा शब्द कादंबरीपेक्षा नोकरीसाठी दिलेल्या चिठ्ठीची आठवण अधिक करून देतो. तरीही मराठी कादंबरीचा वाचक घडला तो मोठ्या प्रमाणात याच निनावी बोलण्यातून, आणि त्याचे एक कारण अगदी भौतिक स्वरूपाचे आहे.

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’चा उल्लेख केला जातो आणि तिचे प्रकाशनवर्ष १८५७ आहे, परंतु रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे आणि पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, म्हणजे वाचनालये आधी आली आणि त्यांत ठेवण्याजोगी मराठी कादंबरी नंतर. पुढे ठाण्यात १८९३ मध्ये आणि मुंबईत १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली. पुस्तक विकत घेण्याची ऐपत मोजक्या घरांतच असल्यामुळे बहुसंख्य वाचकांची कादंबरीशी गाठ पडली ती अनामत भरून आणि मासिक वर्गणी देऊन मिळणाऱ्या, अनेक हातांतून गेलेल्या प्रतीच्या रूपाने.

ही प्रत दुकानातल्या प्रतीसारखी दिसत नसे. पुस्तक खिळखिळे झाले की वाचनालय ते पुन्हा बांधून घेते, आणि या बांधणीत चित्रमय मुखपृष्ठाबरोबर मलपृष्ठावरचा मजकूरही जातो. पुस्तकाची थोडक्यात ओळख करून देणाऱ्या आणि त्याची भलामण करणाऱ्या या मजकुराला मराठीत ‘पाठराखण’ असा नेमका शब्द आहे. पाठवणीच्या वेळी नवऱ्या मुलीसोबत सासरी जाणाऱ्या पाठराखणीवरून तो घेतला असावा, आणि तो इंग्रजी ‘ब्लर्ब’पेक्षा कितीतरी सुंदर आहे हे जाता जाता नोंदवायला हवे. पाठराखण गळून पडलेले, पुठ्ठ्याचे आणि कण्यावर शाईने नाव लिहिलेले पुस्तक स्वतःविषयी काहीच सांगत नाही. त्यामुळे ती जबाबदारी माणसांवर येऊन पडली: देवघेव विभागात, म्हणजे पुस्तके देण्याघेण्याच्या खिडकीशी बसणाऱ्या कर्मचाऱ्यावर, किंवा पुस्तक परत करायला आलेल्या शेजारच्या वाचकावर.

समीक्षक आणि शिफारस करणारा वाचक यांच्यातील भेद येथे स्पष्ट होतो. समीक्षकाचे उत्तरदायित्व कृतीशी असते आणि ती कोण वाचणार आहे याची चिंता त्याने करण्याचे कारण नसते. शिफारस करणारा मात्र समोरच्या एका माणसाला बांधील असतो, म्हणून त्याला कादंबरीइतकेच ते माणूसही वाचावे लागते. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) ही दारिद्र्याशी झुंजणाऱ्या कौतिकची कहाणी थोर आहे एवढे सांगणे समीक्षेत चालेल. परंतु वऱ्हाडी बोली कधी कानावर न पडलेल्या वाचकाला ती देताना पहिली वीस-पंचवीस पाने अडखळत जातील, ती मोठ्याने वाचावीत, मग बोली आपोआप कानात बसते, हे सांगणे अधिक मोलाचे ठरते. घरात नुकताच मृत्यू झालेल्याला ती या महिन्यात देऊ नये, हेही त्याच शहाणपणात मोडते आणि ते कोणत्याही परीक्षणात छापून येत नाही.

कथानक किती सांगावे हा प्रश्नही कादंबरीगणिक बदलतो. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाचे अखेरीस काय होते हे वाचकाला पहिल्या पानाआधीच ठाऊक असते, त्यामुळे तेथे फोडण्यासारखे रहस्य नाही; सांगायचे असते ते हे की कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हेही आपापल्या तोंडाने बोलतात. याउलट भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे (१९६३) कथानक सांगितले तर पुस्तकावर अन्यायच होतो, कारण सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकायला जातो आणि हात हलवत गावी परततो, एवढ्यात ते संपते. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लोकप्रिय लेखकाने या पहिल्याच कादंबरीचे मनापासून स्वागत केले, त्याचा उपयोग झालाच. पण वसतिगृहांच्या खोल्यांतून ती फिरत राहिली ती बहुधा त्यातली वाक्ये एकमेकांना वाचून दाखवल्यामुळे. वाचून दाखवलेले एक पान हीच अशा कादंबरीची खरी शिफारस.

शिफारशीत होणारी सर्वांत नेहमीची चूक म्हणजे स्वतःला विशिष्ट वयात भिडलेले पुस्तक कोणत्याही वयाच्या माणसावर लादणे. विसाव्या वर्षी ‘कोसला’ने झपाटलेला वाचक ती साठी ओलांडलेल्या नातेवाइकाला देतो आणि त्याच्या थंड प्रतिसादाने दुखावतो, वास्तविक त्या नातेवाइकाला मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) अधिक जवळची वाटली असती, कारण आणीबाणीच्या काळात नववीत असलेली ती मुले त्याच्याच पिढीची आहेत. भरमसाट स्तुतीही अशीच घातक, कारण ‘असे पुस्तक झाले नाही’ असे ऐकून बसलेला वाचक प्रत्येक पानाकडे संशयाने पाहू लागतो.

आपली प्रत देणे हा शिफारशीचा सर्वांत प्रभावी आणि सर्वांत धोक्याचा प्रकार. परहस्ते गेलेले पुस्तक परतत नाही, हे संस्कृत सुभाषितकारालाही ठाऊक होते. या धोक्यावर तोडगा म्हणून काही ठिकाणी सभासदांच्या वर्गणीतून आळीपाळीने पुस्तके मिळवून देणारी पुस्तक भिशी चालते, तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पुस्तकांची पेटीच एका वाचकगटाकडून दुसऱ्याकडे जाते आणि परदेशांतील मराठी घरांपर्यंतही पोहोचते. पेटीतली पुस्तके निवडणारा पुढच्या वाचकाला ओळखत नाही, ही तिची मर्यादा आहे. ती भरून निघते गटातल्या गप्पांतून.

वाचनालयाच्या जुन्या प्रतीत मात्र अनोळखी वाचकही बोलतो. शेवटच्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी डकवलेली असते आणि शिक्क्यांची गर्दी पाहून अनुभवी वाचक पुस्तकाची मागणी ताडतो. त्याच पानावर ‘पुस्तकावर काहीही लिहू नये’ अशी सूचना असते, आणि पुष्कळदा तिच्या अगदी खाली, पेन्सिलीने, ‘सुरुवात रटाळ, पन्नास पानांनंतर सोडवत नाही’.