सुधारणेची वाट चावडीवरून जाते

देशात खरी सुधारणा केव्हा होणार, हा प्रश्न आपण एस.टी.च्या थांब्यावर ऐकतो, बाजाराच्या दिवशी ऐकतो आणि रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारातही ऐकतो. उत्तर देणारा बहुतेक वेळा दिल्लीकडे किंवा मुंबईकडे बोट दाखवितो. या लेखात आम्ही हाच प्रश्न हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा या गावाच्या चावडीवरून पाहणार आहोत.

नांदेडहून अर्धापूरमार्गे वारंगा फाट्याकडे जाताना कळमनुरी तालुक्यातील हे गाव लागते. परिसरात केळी, ऊस आणि हळद ही पिके घेतली जातात. इसापूर धरणाच्या कालव्यामुळे येथील शेतीला आधार मिळाला आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा निर्माण झाला, तेव्हा हा तालुका नव्या जिल्ह्यात आला. गाव मराठवाड्यातील इतर अनेक गावांसारखेच आहे, आणि म्हणूनच ते आमच्या उपयोगाचे आहे. स्वतंत्र भारताने सामान्य माणसाला जी मोठी आश्वासने दिली, ती अशा गावापर्यंत कशी पोहोचली आणि कोठे अडकली, हे येथून स्पष्ट दिसते.

पहिले आश्वासन : जीविताची सुरक्षा

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, परंतु मराठवाड्यातील गावे त्या दिवशी स्वतंत्र झाली नाहीत. ती हैदराबाद संस्थानात होती. पैनगंगेच्या पलीकडील वऱ्हाडात तिरंगा फडकत होता आणि अलीकडे निजामाची सत्ता चालू होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. दरम्यान लातूरचा वकील कासीम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकारांची दहशत खेड्यापाड्यांत वाढत गेली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने लढा दिला. अनेक कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. हाच दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

या इतिहासाचे दुसरे पानही प्रामाणिकपणे वाचले पाहिजे. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर संस्थानच्या काही भागांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगविण्यात आला. वस्तुस्थिती पाहण्यासाठी पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली. या समितीने मृतांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान असावी असा अंदाज केला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदर यांच्यासमवेत नांदेडचाही समावेश केला. तो अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही.

दोन्ही पानांतून एकच धडा मिळतो. सत्ता बदलली म्हणजे सुरक्षा आपोआप येत नाही. गावातील सर्वांत दुबळ्या आणि संख्येने सर्वांत कमी असलेल्या घराला रात्री निर्धास्त झोप लागते का, हीच सुरक्षेची खरी कसोटी आहे. मराठवाड्यात आपण ख्रिस्ती बांधव संख्येने थोडे आहोत. ही कसोटी आपल्याला निराळी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरे आश्वासन : भाकरीची सुरक्षा

१९७२ चा दुष्काळ आजही मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येतो. खडी फोडण्याची कामे, पाझर तलावाचे खोदकाम, कामावर वाटली जाणारी सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी यांच्या आठवणी घराघरांत आहेत. त्या काळी मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. ते पैनगंगेच्या पलीकडच्या पुसद भागातलेच. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्यापूर्वीच एक विचार मांडला होता : जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम मागेल, त्याला ते देणे हे शासनाचे कर्तव्य असावे. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे त्याचा प्रयोग झाला आणि दुष्काळाच्या काळात रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा लागू झाला.

या योजनेला पैसा कोठून आला, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लागू केला. मुंबई-पुण्यातील नोकरदारांच्या पगारातून कापली जाणारी छोटी रक्कम या योजनेच्या निधीत जमा होत असे आणि राज्य शासन आपल्या तिजोरीतून त्यात भर घालत असे. म्हणजे शहरातील पगारदार माणूस खेड्यातील मजुराच्या भाकरीत वाटेकरी झाला. परस्परांचे ओझे वाहण्याची ही पद्धत कोणत्याही प्रवचनाशिवाय, केवळ कायद्याने उभी राहिली.

पुढे हाच विचार देशाने स्वीकारला. २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संमत केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी देशातील दोनशे जिल्ह्यांत त्याचा प्रारंभ झाला आणि महाराष्ट्रातून निवडलेल्या बारा जिल्ह्यांत हिंगोलीचा समावेश होता. वर्षाला प्रत्येक कुटुंबास शंभर दिवसांचे काम, मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता, आणि झालेल्या कामांचे ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण, अशी त्याची रचना होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात शंभराऐवजी १२५ दिवसांचे आश्वासन आहे. परंतु खर्चातील राज्यांचा वाटा वाढविण्यात आला आहे आणि शेतीच्या ऐन हंगामात एकूण साठ दिवस कामे थांबविण्याची तरतूदही आहे. नवी व्यवस्था मजुराला किती लाभाची ठरते, याचे उत्तर कायद्याच्या मजकुरात सापडणार नाही. ते गावोगावच्या हजेरीपटावर लिहिले जाईल.

तिसरे आश्वासन : आवाजाची सुरक्षा

जीव वाचला, भाकरी मिळाली. तरी प्रश्न विचारण्याचा अधिकार नसेल तर माणूस प्रजाच राहतो, नागरिक होत नाही. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले, पंचायतीच्या निवडणुका दर पाच वर्षांनी घेणे बंधनकारक झाले आणि स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यापर्यंत नेले.

माहितीच्या अधिकाराची कथाही अशीच आहे. राजस्थानातील मजुरांनी हजेरीपट आणि कामाची बिले पाहण्यासाठी आंदोलन केले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी त्यासाठी उपोषणे केली आणि राज्याने २००२ मध्ये आपला कायदा आणला. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायदा लागू झाला. आज दहा रुपये शुल्क भरून कोणीही नागरिक शासकीय कार्यालयाकडे माहिती मागू शकतो आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयास बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. २०१५ मध्ये राज्याने लोकसेवा हक्क कायदाही केला. त्यामुळे अधिसूचित दाखले आणि सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला.

वाचकांच्या लक्षात आले असेल, की देशाच्या या मोठ्या सुधारणांपैकी दोहोंचे मूळ खेड्यातील मजुराच्या गरजेत आहे. विसापूरचा प्रयोग दिल्लीपर्यंत गेला. हजेरीपट पाहू मागणाऱ्या मजुरांचा आग्रह राष्ट्राचा कायदा झाला. आमच्या आशेचा आधार हाच आहे.

कायदा आहे, मग अडते कोठे?

आता त्या चावडीवर परत येऊ. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. त्या न घेणारा सरपंच अपात्र ठरू शकतो. सभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. गणपूर्तीसाठी गावातील मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. हजारो मतदारांच्या गावात शंभर माणसे जमणे अवघड नसावे. तरीही अनेक गावांत गणपूर्ती होत नाही आणि सभा तहकूब होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे आपण घरी बसलो, तरी ठराव होतातच. ते मोजकी माणसे करतात. रस्ता कोणत्या वस्तीकडे जाईल, घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव राहील, पाण्याची टाकी कोठे बांधली जाईल, हे त्या मोजक्यांच्या हाती जाते. नंतर वर्षभर आपण टपरीवर तक्रार करीत राहतो.

स्त्रियांच्या राखीव जागांचेही तसेच आहे. कित्येक ठिकाणी पाटी सरपंच बाईंच्या नावाची आणि कारभार पतिराजांचा, असे चित्र आपण पाहिले आहे. जेथे बाई स्वतः खुर्चीवर बसतात, तेथे पाणी, शाळा आणि शौचालय हे विषय सभेत आधी येतात, असा आमचा अनुभव आहे.

वरच्या पातळीवरील धरसोडही दुर्लक्षिण्यासारखी नाही. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. आरक्षणाच्या वादात निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्या घेण्याचा आदेश द्यावा लागला. पंचायतीला घटनेत स्थान मिळाले तरी तिचे दार बाहेरून बंद ठेवता येते, हे या काळात दिसून आले.

सर्वांत गंभीर प्रश्न भयाचा आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांची हत्या करण्यात आली. पवनऊर्जा प्रकल्पाकडून खंडणी मागण्याच्या प्रकाराला झालेला विरोध या घटनेमागे असल्याचे तपासात पुढे आले. सारा महाराष्ट्र हादरला. निवडून आलेल्या सरपंचाची ही अवस्था, तर माहिती मागणारा शेतमजूर किंवा सभेत उठून बोलणारी विधवा कोणाच्या भरवशावर बोलणार? रझाकारांचे राज्य गेले. परंतु गावात दांडगाईचे राज्य उरले असेल, तर १९४८ चे आश्वासन अजून अपुरे आहे. पोलीस ठाण्यात तक्रार वेळेवर नोंदविली जाणे, साक्षीदाराला संरक्षण मिळणे आणि खटला लवकर निकाली निघणे, या तीन गोष्टींवाचून ग्रामस्वराज्य हा केवळ भाषणातील शब्द राहतो.

आपले काम कोणते?

खालच्या पातळीवरील लोक जे काम स्वतः करू शकतात, ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये, हे तत्त्व पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीत स्पष्टपणे मांडले. त्याची दुसरी बाजू आपण अनेकदा विसरतो : जे काम आपल्या हाती दिले आहे, ते आपण केलेच पाहिजे. त्यासाठी पक्ष बदलण्याची किंवा मोर्चा काढण्याची आवश्यकता नाही. काही साध्या गोष्टी प्रत्येक कुटुंबाला शक्य आहेत.

ग्रामसभेची नोटीस फलकावर लागली की ती वाचून शेजाऱ्यांना सांगावी. घरातून निदान एकाने, आणि शक्य तर एका स्त्रीने, सभेस जावे. सभेत तोंडी बोलून थांबू नये. मागणी लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी आणि ठराव इतिवृत्तात नोंदविला गेला का, हे पाहावे. काम मागावयाचे असेल तर तेही लेखी मागावे आणि तारखेची पावती जपून ठेवावी, कारण पावतीवाचून हक्क सिद्ध होत नाही. माहितीचा अर्ज एकट्याने देण्यात धोका वाटत असेल, तर चार-पाच जणांनी त्याच विषयावर वेगवेगळे अर्ज द्यावेत. एकट्यावर दबाव येतो, अनेकांवर तो टाकणे कठीण जाते. आणि जो प्रश्न विचारतो, त्याच्या शेजारी बसावे. तो आपल्या धर्माचा, जातीचा किंवा भावकीचा नसला, तरी बसावे. प्रश्न विचारणाऱ्याला गावात मिळणारी पहिली सुरक्षा हीच असते.

शिकलेल्या तरुणांवर एक विशेष जबाबदारी आहे. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली मुले सणाला गावी येतात. त्यांनी एक दिवस वडीलधाऱ्यांसमवेत बसून विकास आराखडा वाचून दाखवावा, अर्ज लिहून द्यावेत. धर्मग्रामातील युवक मंडळांना हा कार्यक्रम सहज घेता येईल.

देशातील सुधारणा हळू येतात, कधी मागेही जातात. तरीही गेल्या पाऊणशे वर्षांकडे पाहिले, तर डोंगरकड्यासारख्या गावातील मजुराच्या हाती आज जे हक्क आहेत, ते त्याच्या आजोबांच्या स्वप्नातही नव्हते. ते हक्क कोणीतरी मागितले, कोणीतरी त्यासाठी उपाशी राहिले, कोणी प्राण दिले, म्हणून आले. ते वापरले नाहीत तर कायद्याच्या पुस्तकात राहतील. पुढील ग्रामसभेची दवंडी पिटली जाईल, तेव्हा गणपूर्तीच्या त्या शंभरांत आपण असू का, एवढेच आम्ही वाचकांना विचारू इच्छितो.