सुरूच्या सुया हिवाळ्यात तांबूस का होतात?

पावसाळ्यात शाळेच्या कुंपणालगत तुम्ही सुरूची रोपे लावलीत. दिवाळीपर्यंत ती हिरवीगार होती. संक्रांत आली आणि त्यांच्या सुया टोकाकडून तांबूस पडू लागल्या. लातूर-नांदेडच्या काळ्या जमिनीत असे सहज घडते. ‘थंडीने जळाली’ असे म्हणून कोणीतरी ती उपटायलाही निघतो. पण थांबा! आधी थोडी तपासणी करू या.

एक हिरवी सुई घ्या आणि दोन्ही टोके धरून हलकेच ओढा. ती पेराजवळ सुटून येईल. भिंगातून पाहिलेत तर त्या पेराभोवती सहा-आठ बारीक दाते दिसतील. हीच सुरूची पाने! ज्याला आपण सुई म्हणतो ती खरे पाहता हिरवी, पेरेदार डहाळी आहे. तिच्यावर उभ्या खाचा असतात आणि वाफ बाहेर सोडणारी रंध्रे त्या खाचांत दडलेली असतात. पाण्याच्या बाबतीत सुरू असा काटकसरी. मग तो तहानेला कसा?

हिमालयात किंवा थंड देशांत जमिनीतले पाणी हिवाळ्यात गोठते. वर ऊन आणि वारा सूचिपर्णी झाडांच्या सुयांतून पाणी ओढत राहतात, खाली मुळांना मात्र थेंबही मिळत नाही. सुया करपतात. म्हणजे बर्फात उभे असलेले झाड तहानेने वाळते!

लातूरला जमीन गोठत नाही. पण जमाखर्च तोच. पाऊस बहुतेक सारा जून ते सप्टेंबरात पडून जातो. थंडीत हवा इतकी कोरडी होते की आपले ओठ फुटतात आणि दोरीवरचे कपडे बघता बघता वाळतात. दुपारचे ऊन तर चांगलेच असते. सुयांतून पाणी जातच राहते.

खरी गंमत जमिनीत आहे. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक. ती पाणी पुष्कळ धरते, पण त्यातले बरेचसे कणांना इतके घट्ट चिकटून राहते की मुळांना ते ओढता येत नाही. माती वाळली की आकसते, भेगा पडतात आणि नाजूक केशमुळे तुटतात. त्यात जुलैत पिशवीतून काढलेल्या रोपाची बरीच मुळे अजून पिशवीतल्या मातीच्या गोळ्यातच असतात. हा गोळा आणि भोवतालची जमीन यांत फट पडली, की रोप कुंडीत असल्यासारखे एकटे पडते. मुळात सुरू हे समुद्रकाठच्या वाळूत रमणारे झाड. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कारवारकडे त्याची लागवड १८६८ च्या सुमारास सुरू झाली. त्याला आपण चिकणमातीत आणून उभे केले आहे!

आता रोप जिवंत आहे की नाही ते पाहा. खोडाची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवा, ओला थर दिसला तर रोप जगले आहे. तपकिरी, कोरडे दिसले तर आणखी खाली खरवडून पाहा. फक्त आतल्या, जुन्या सुया गळत असतील तर काळजी नको. सदाहरित झाडाचीही पाने गळतात, फक्त सारी एकदम गळत नाहीत. मात्र साल फुगून आत काळी भुकटी दिसली, तर तो बुरशीचा रोग. असे रोप काढून जाळावे.

तहानलेल्या रोपाला रोज तांब्याभर पाणी ओतून फारसा उपयोग नाही; ते वरच्या मातीतच उडून जाते. आठवड्यातून एकदा, सावकाश, खोलवर मुरेल असे द्या. त्याआधी भेगा मातीने बुजवा आणि बुंध्याभोवती सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट पसरा. बुंध्यापासून हातभर अंतरावर भाजलेले, झिलई नसलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवले, तर पाणी पाझरत राहते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे मडक्याचा हा हिशेब विशेष पटेल. पाणी देण्यापूर्वी मातीत बोट खुपसून पाहायला मात्र विसरू नका. काळ्या मातीत पाणी साचले तर मुळे गुदमरतात आणि सुया तेव्हाही पिवळ्या पडतात.

तांबूस झालेली सुई पुन्हा हिरवी होत नाही. जिवंत फांदीवर नव्या सुया येतात. एका फांदीला दोरा बांधून ठेवा आणि उन्हाळ्यापर्यंत दर आठवड्याला तिच्यावरच्या हिरव्या सुया मोजा.