मेलेल्या माशाचा मेंदू आणि एमआरआयचं चित्र

घरातल्या कुणाच्या मेंदूचा एमआरआय काढायचा म्हटलं की दोन काळज्या लागतात, एक पैशाची आणि दुसरी रिपोर्टची. चित्र बरोबर येईल का, ही काळजी मात्र कुणी करत नाही. मशीनने काढलंय म्हणजे खरंच, असं आपण धरून चालतो.

पण एमआरआय हा मोबाईलच्या फोटोसारखा नसतो. माणसाला मोठ्या चुंबकात झोपवतात. शरीरातल्या पाण्याकडून येणारे बारीक संदेश मशीन टिपतं आणि संगणक त्यावर गणित करून चित्र तयार करतो. पीठ तेच असतं, पण चाळण जाड घेतली तर कोंडा पिठात येतो, बारीक घेतली तर वर राहतो. तसंच हे.

डॉक्टर गाठ किंवा रक्तस्राव बघायला जो एमआरआय सांगतात, तो तज्ज्ञ स्वतः नजरेखालून घालतात. संशोधनात वापरतात तो फंक्शनल एमआरआय वेगळा. काम करणाऱ्या भागात प्राणवायूचं रक्त जास्त येतं, त्यावरून अंदाज बांधतात. पेपरात मेंदूवर लाल-पिवळे ठिपके दिसतात ना, ते याचेच. ते रंग मेंदूत नसतात बरं का, संगणक भरतो.

आता माशाची गोष्ट. अमेरिकेत क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा मशीनमध्ये ठेवला. त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि 'यांच्या मनात काय चाललंय?' असं रीतसर विचारलं. आणि माशाच्या मेंदूत ठिपके उमटले! २००९ साली त्यांनी हे शास्त्रज्ञांपुढे मांडलं, तेव्हा सगळे हसले, पण मुद्दा पक्का होता. संगणक मेंदूचे हजारो बारीक तुकडे पाडून प्रत्येकाची वेगळी तपासणी करतो. शंभर जणींनी पाच-पाच वेळा नाणं उडवलं तर दोघी-तिघींना पाचही वेळा छापा येतोच, त्यात त्यांची करामत नसते. इतक्या तपासण्यांचा हिशेब गणितात धरला, तेव्हा माशाचे ठिपके गेले.

दुसरी पायरी सारवणाची. आकड्यांतली खरखर घालवायला शेजारशेजारच्या तुकड्यांची सरासरी काढतात. जमीन सारवल्यावर खड्डे बुजतात, तशीच एखादी बारीक खरी खूणही बुजते. किती सारवायचं हे माणूस ठरवतो, आणि प्रत्येकजण वेगळं ठरवतो. २०२० साली हे उघडच झालं. १०८ जणांच्या मेंदूची एकच माहिती ७० गटांना दिली (बचत गट नव्हेत, संशोधकांचे!) आणि नऊ प्रश्न विचारले. कुठल्याही दोन गटांची पद्धत तंतोतंत सारखी निघाली नाही आणि काही प्रश्नांची उत्तरंही जुळली नाहीत. त्याआधी २०१६ मध्ये स्वीडन आणि इंग्लंडच्या संशोधकांनी नेहमीची तीन सॉफ्टवेअर तपासली होती. शंभरात पाच वेळा चूक चालेल असं धरलेलं, पण काही पद्धतींत ती सत्तरपर्यंत गेली. म्हणून एकट्या माणसाचं असं रंगीत चित्र दाखवून कुणी त्याचा स्वभाव किंवा मुलाची हुशारी सांगायला लागलं, तर त्याला पैसे देऊ नका.

आपल्या हातातली गोष्ट म्हणजे डोकं न हलवणं. हललेल्या चित्रात मेंदूचा राखाडी थर आहे त्यापेक्षा पातळ मोजला जातो. म्हातारपणी विसरभोळेपणा वाढला म्हणून मेंदू आकसलाय का ते मोजायचं असेल, तर एवढ्यानेही गफलत होते. संगणक हललेलं थोडंफार सावरतो, पूर्ण नाही. मशीनचा आवाज ठकठक, मोठा असतो. म्हातारं माणूस दचकतं, म्हणून आधीच सांगून ठेवा. कानाला बोळे मागून घ्या. खोकला असेल किंवा पाठ दुखत असेल तर आत जाण्याआधीच तिथल्या माणसाला सांगा. पेसमेकर किंवा शरीरात कुठेही धातू असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. आणि जुनी फिल्म, सीडी फेकू नका, नव्या चित्राशी ताडून बघायला डॉक्टरांना तीच लागते.