आधी तळ ठरवा, मग कॅराव्हॅन

महामार्गाचे काँक्रिटीकरण आणि त्यापायी होणारी कोंडी यांवर आणखी लिहायला नको. विरार फाट्यावरून मनोर गाठायला काय पडते, हे प्रत्येक वसईकराला पाठ आहे. तरीही नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन जव्हार-मोखाड्याच्या माळावर दोन रात्री काढाव्यात, जमल्यास कॅराव्हॅन भाड्याने घ्यावी, असे बेत घराघरांत शिजू लागले आहेत. चांगले बेत आहेत. पण त्या बेतांत चौकशी होते ती गाडीची: खाटा किती, फ्रीज आहे का, एसी चालतो का. रात्री ती गाडी उभी कुठे राहणार, हे शेवटी विचारले जाते. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी.

राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण 2021 मध्ये आणले. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने त्याआधीच, 2016 मध्ये, अशा वाहनतळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. दोन्हींमागची कल्पना साधी आहे: गाडी उभी करायला सपाट जागा, वीजजोडणी, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि सांडपाण्याची विल्हेवाट. आपल्या जिल्ह्यात मात्र ‘कॅम्पिंग’ म्हणून जे मिळते, ते बहुतेक ठिकाणी शेतातले किंवा जलाशयाकाठचे तंबू असतात. तंबूवाल्याने ‘गाडीलाही जागा आहे’ असे सांगितले, तर वरच्या यादीतली शेवटची गोष्ट आधी विचारा.

कॅराव्हॅनमधल्या बेसिनचे आणि न्हाणीचे पाणी एका टाकीत जाते, शौचालयाचे दुसरीत. ही दुसरी टाकी छोट्या गाड्यांत जेमतेम वीस लिटरची असते. चौघांच्या कुटुंबाला ती दोन-तीन दिवसांत रिकामी करावीच लागते. परदेशातल्या तळांवर त्यासाठी वेगळी जागा बांधलेली असते. आपल्याकडे चालक ती टाकी ओढ्यात किंवा रस्त्याकडेच्या चरात उपडी करणार नाही, याची खात्री कोण देणार? टाकीत दुर्गंधी मारायला रसायन घातलेले असते, तेही मैल्याबरोबर जमिनीत जाते. शिवाय जव्हार-मोखाड्याचा कातळ भेगांचा आहे. शोषखड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर लांब असावा, असे सांगतात. पण भेगाळ बेसॉल्टमधून घाण त्याहून कितीतरी लांब जाऊ शकते. म्हणून तळाच्या मालकाला स्पष्ट विचारावे: मैला कुठे जातो, शोषखड्डा कुठे आहे, विहीर कुठे आहे? उत्तर देताना तो अडखळला, तर दुसरी जागा बघावी, मग समोर कितीही सुंदर दरी दिसत असो.

पाण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. पावसाळ्यात धो धो पाऊस झेलणाऱ्या या डोंगरांत उन्हाळा आला की पाड्यांना टँकर लागतात, कारण पाणी उतारावरून वाहून जाते आणि कातळ ते धरून ठेवत नाही. मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच वैतरणेच्या खोऱ्यात आहेत. आपणही वेगळे नाही. वसई-विरारच्या नळाला सूर्येचे, म्हणजे धामणी धरणाचे पाणी येते. सूर्या प्रादेशिक योजनेतला आपला वाटा दिवसाला 185 दशलक्ष लिटर ठरला आहे. ज्या मुलुखाचे पाणी आपण बारा महिने पितो, तिथे सुट्टीला जाऊन पाड्याच्या विहिरीवर पंप लावलेला तळ निवडायचा, हे मला पटत नाही.

वसईकराला तर हे पटूच नये. 1980च्या दशकात आपल्या विहिरींतून टँकर भरून पाणी बाहेर जात होते, विहिरी खाऱ्या होत होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीचा लढा त्याच काळातला. दुसऱ्याने आपली विहीर उपसली की काय होते, हे ज्या गावांनी भोगले, त्या गावांतल्या माणसांनी माळावर पाहुणे म्हणून जाताना हा प्रश्न विचारायलाच हवा.

जमीन कोणाची, हेही विचारा. जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे अनुसूचित क्षेत्र आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जायला महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणे परवानगी लागते आणि पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. स्थानिक कुटुंब स्वतःच्या शेतात चार तंबू लावत असेल, तर तिथेच राहा. नागलीची भाकरी मिळेल आणि पैसाही गावातच राहील.

आता जागेबद्दल. डिसेंबरात भात कापून, झोडून झालेले असते आणि खाचरे मोकळी पडतात. सपाट, बांधाने अडवलेले, दगड काढलेले खाचर तंबूला उत्तम. मात्र ते खोलगट असेल, तर पहाटे थंड हवा तिथेच साचते आणि दव तंबू भिजवते. लहान मुले बरोबर असतील तर एक टप्पा वरचे खाचर घ्या. जव्हार सुमारे दीड हजार फुटांवर आहे, तिथली रात्र वसईच्या रात्रीपेक्षा चांगलीच गार असते. सूर्यमाळ, खोडाळ्याकडे तर जाड पांघरूण हवेच. जलाशयाच्या अगदी काठावरचे तळ टाळावेत. काठ चिखलाचा आणि उतरता असतो, आणि अंधारात मुलांवर नजर ठेवता येत नाही. शेकोटी पत्र्याच्या घमेल्यातच पेटवा. गवत सुकलेले असते, आणि वणवा लागला तर पाड्यावरच्या माणसांनाच धावावे लागते.

मोठी कॅराव्हॅन घाटात आणि पाड्याकडच्या अरुंद रस्त्यावर वळवणे हे वेगळेच संकट. तरीही मनोरला किंवा विक्रमगडला मैलाटाकी रिकामी करण्याची एक सोय पर्यटन महामंडळाने उभारली, तर या गाड्यांचे मी मनापासून स्वागत करीन. खर्च फार नाही, आणि धोरणातही ते बसते. ती सोय होईपर्यंत घरचीच गाडी, दोन तंबू आणि ज्यांच्या अंगणात व्यवस्थित बांधलेला संडास आहे असे शेतकरी कुटुंब, एवढे गाठावे.