कॉर्टेझ : धावपटूंचा बूट, गल्लीतल्या पोरांची शान

धावण्याच्या बुटांना फारसे आयुष्य नसते. नवे मॉडेल आले की जुने फळीवरून खाली उतरते. नायकीचा कॉर्टेझ मात्र पन्नास वर्षे उलटली तरी विकला जातो आहे. त्याचे श्रेय माझ्या मते कंपनीपेक्षा लॉस एंजेलिसच्या गल्ल्यांना जास्त जाते.

तो घडवला ऑरेगन विद्यापीठाचे अ‍ॅथलेटिक्स प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी. पोरांचे बूट उसवायचे, तळ कापायचे, पुन्हा जोडायचे, हा त्यांचा कायमचा उद्योग. त्यांचा हिशेब साधा होता. मैलभरात साधारण 880 पावले पडतात. बूट एका औंसाने, म्हणजे सुमारे 28 ग्रॅमने हलका केला, तर मैलामागे जवळपास 25 किलो ओझे वाचते. 1964 मध्ये त्यांनी आणि त्यांचा जुना विद्यार्थी फिल नाइट याने प्रत्येकी 500 डॉलर घालून ब्लू रिबन स्पोर्ट्स काढली. काम एकच, जपानमधल्या कोबे शहरातल्या ओनित्सुका कंपनीचे टायगर बूट अमेरिकेत विकायचे.

बॉवरमन यांचा एक धावपटू केनी मूर टायगरचेच बूट घालून सराव करत असताना त्याच्या पायाचे हाड मोडले. बॉवरमन यांनी तो बूट फाडून पाहिला. आधार नाही, गादी नाही! मग त्यांनी टाचेपासून चवड्यापर्यंत सलग स्पंजच्या रबराचा थर बसवला. चवड्याखाली आणि टाचेच्या वरच्या बाजूला मऊ रबर, टाचेच्या मधोमध कडक. टाच थोडी उचललेली. आज हे बहुतेक धावण्याच्या बुटांत दिसते, म्हणून त्यात विशेष वाटत नाही. त्या काळी डांबरी रस्त्यावर मैलोन्‌मैल धावणाऱ्याच्या पोटऱ्यांना केवढा दिलासा मिळाला असेल!

मेक्सिको ऑलिंपिक जवळ आले होते, म्हणून तिथल्या जुन्या राज्यकर्त्यांवरून बुटाचे नाव ‘अ‍ॅझ्टेक’ ठरले. पण आदिदासकडे ‘अझ्टेका गोल्ड’ नावाचा बूट होता आणि कोर्टाची धमकी आली. तेव्हा बॉवरमन यांनी अ‍ॅझ्टेकांना हरवणाऱ्या स्पॅनिश सरदाराचेच, कॉर्टेझचे, नाव बुटाला देऊन टाकले. हा बूट ओनित्सुकाच बनवत होती, पण पुढे तिच्याशी फाटले. 1972 मध्ये तोच बूट ब्लू रिबनच्या नव्या ‘नायकी’ छापाने बाजारात आला आणि काही काळ दोन्ही कंपन्या कॉर्टेझ विकत होत्या. 1974 मध्ये पोर्टलंडच्या न्यायालयाने निकाल दिला की बूट दोघांनीही विकावा, नाव मात्र अमेरिकन कंपनीकडे राहील. जपानी कंपनीचा बूट ‘कॉर्सेअर’ झाला.

धावपटू लवकरच अधिक हलक्या बुटांकडे वळले. कॉर्टेझ तिथेच संपायचा, पण पूर्व लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या पोरांनी तो उचलला. स्वस्त, टिकाऊ, आणि पांढरे चामडे ओल्या फडक्याने पुसले की पुन्हा लखलखीत. कडक इस्त्रीची खाकी पँट, पांढरे मोजे आणि पायात कॉर्टेझ, असा तिथला थाट. ज्या सरदाराने त्यांच्या पूर्वजांचे राज्य बुडवले, त्याच्याच नावाचा बूट या पोरांनी आपला केला. टोळ्यांतल्या मुलांच्याही पायात तो असायचा, त्यामुळे काही शाळांनी त्यावर बंदी घातली. गरीब वस्तीतल्या पोराचे बूट पाहून त्याला गुंड ठरवणे हा उघड अन्याय होता.

बाकी कीर्ती पडद्याने दिली. 1976 मध्ये ‘चार्लीज एंजल्स’ मालिकेत फरा फॉसेट कॉर्टेझ घालून स्केटबोर्डवर निघाली. 1994 च्या ‘फॉरेस्ट गंप’मध्ये जेनीने दिलेल्या लाल-पांढऱ्या-निळ्या जोडावर टॉम हँक्सने अमेरिका पालथी घातली. 2018 मध्ये लॉस एंजेलिसलगतच्या कॉम्प्टनचा रॅपर केंड्रिक लमार याने स्वतःच्या नावाचा कॉर्टेझ काढला, तेव्हा वस्तीतला मान कंपनीच्या दप्तरीही नोंदला गेला.

आज घ्यायचा असेल तर हौसेने घ्या, रोज वापरा, पण मॅरेथॉनला घालू नका. लांब पल्ल्यासाठी आता याहून कितीतरी चांगली गादी मिळते.