रद्दीत देण्याआधी एक पान उलटा

मुंबईच्या हिंदमाता, नायगाव, परळ या पट्ट्यात जुन्या चाळी रिकाम्या होत आहेत आणि पोटमाळ्यावरचे पुस्तकांचे गठ्ठे किलोच्या भावाने रद्दीत चालले आहेत. गिरणी कामगारांच्या या गिरणगावाला वाचनाचा नाद होता. त्यामुळे अशा गठ्ठ्यात एखाद्या महत्त्वाच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती निघू शकते. ती ओळखायला शीर्षकपानामागचे पान वाचता आले तरी पुष्कळ काम होते.

‘पहिली आवृत्ती १९५८’ एवढ्यावर भुलू नये. पुढच्या आवृत्त्याही ती ओळ छापतात. त्याखालची शेवटची तारीख खरी. साल शकात दिले असेल तर त्यात ७८ मिळवा: शके १८८० म्हणजे १९५८.

आवृत्तीची नोंदच नसेल, तर मला सगळ्यांत भरवशाचे वाटतात ते किंमत आणि पत्ता. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली. किंमत आण्यांत असेल तर छपाई बहुधा त्याआधीची. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४च्या सुमाराची. पत्ता तर त्याहून चोख. पूर्वी गिरगाव म्हणजे ‘मुंबई ४’, परळ ‘मुंबई १२’, हिंदमाता-दादर ‘मुंबई १४’. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. म्हणून मौज प्रकाशनाच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’वर गिरगावातल्या खटाववाडीच्या पत्त्यापुढे ४००००४ दिसले, तर ती १९६२ची पहिली आवृत्ती नव्हे. प्रकाशकही पाहावा. ‘कोसला’ १९६३मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. पॉप्युलर प्रकाशनाची प्रत कितीही पिवळी पडलेली असो, ती पहिली नाही.

१८६७च्या कायद्यानुसार मुद्रकाचे नाव आणि ठिकाण छापणे सक्तीचे होते. त्याआधीच्या पुस्तकांना अभ्यासक दोलामुद्रिते म्हणतात. त्यांतली कितीतरी शिळाप्रेसवर छापलेली आहेत. शंका आली की शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडावी. १८०० ते १९५० या काळातल्या पुस्तकांच्या नोंदी तिच्या दोन खंडांत आहेत.

प्रत हाती लागलीच, तर कृपा करून नवी बांधणी करू नका. बाइंडर कडा छाटतो, मूळ मुखपृष्ठ काढून टाकतो, आणि त्यावरचे दीनानाथ दलालांसारख्या चित्रकाराचे चित्र कायमचे जाते. चिकटपट्टीही नको. हिंदमाताला पावसात पाणी भरते, तेव्हा तळमजल्यावर गठ्ठे जमिनीवर ठेवू नका. आणि घरात ठेवणे जमत नसेल, तर रद्दीवाल्याआधी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा.