कारवान श्वान : इतिहास, स्वभाव व उपयोग
(घ्राणप्रधान शिकारी श्वानांच्या तुलनेत एक विवेचन)

प्रस्तावना

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील मेडशी हे गाव अकोला–वाशिम मार्गावर आहे. येथून पातूरच्या घाटाकडे जाताना डोंगरउतार आणि साग-पळसाचे पानझडी जंगल लागते, तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कारंजा-सोहोळ येथे काळविटांचे गवताळ माळरान आहे. जंगलात सावज दिसत नाही. त्याचा वास मात्र मागे राहतो. माळरानावर सावज दुरून दिसते, पण क्षणात दूर पळते. माणसाने शिकारीसाठी पाळलेल्या श्वानांचे दोन मोठे वर्ग याच दोन परिस्थितींतून घडले आहेत. मराठी प्रदेशाच्या दक्षिण भागात वाढलेला कारवान श्वान हा यांपैकी दुसऱ्या वर्गातील होय. प्रस्तुत लेखात या जातीचा इतिहास, शरीररचना, स्वभाव आणि उपयोग यांचा आढावा घेऊन तिच्या संवर्धनाच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले आहे.

घ्राणप्रधान व दृष्टिप्रधान श्वान

ब्लडहाउंड, बीगल, फॉक्सहाउंड या घ्राणप्रधान जाती होत. रुंद नाकपुड्या, लोंबते कान, दमदार पण मध्यम गती, जमिनीलगत नाक ठेवून तासन्‌तास माग काढण्याची चिकाटी आणि माग लागताच मोठ्याने भुंकण्याची सवय ही त्यांची लक्षणे आहेत. सावज नजरेआड असल्याने मागून येणाऱ्या शिकाऱ्याला दिशा कळावी, हा त्या भुंकण्याचा उपयोग. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंग्लंडहून फॉक्सहाउंड आणून निलगिरीतील उटकमंड येथे त्यांच्या टोळ्यांकरवी कोल्ह्यांची शिकार केली, हे सर्वश्रुत आहे. परंतु या जाती भारतीय खेड्यांत रुजल्या नाहीत.

दृष्टिप्रधान श्वान याच्या उलट असतो. तो मूकपणे धावतो, कारण त्याची शिकार थोड्या क्षणांचीच असते. ग्रेहाउंड, सालुकी, अफगाण हाउंड आणि आपला कारवान हे या वर्गात मोडतात. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पोलीस वा वन विभागाच्या पथकातील ‘वास घेणारे’ श्वान बहुधा जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर किंवा बेल्जियन मॅलिनॉय जातीचे असतात. ते वंशाने शिकारी घ्राणप्रधान वर्गातील नव्हेत. तीव्र घ्राणशक्ती सर्वच श्वानांना लाभलेली आहे. प्रश्न असतो तो ती शक्ती माणसाच्या आज्ञेने, सातत्याने वापरण्याच्या वृत्तीचा.

उगम व इतिहास

कारवान हे नाव ‘कारवाँ’, म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, या शब्दावरून आले आहे. इराण, अरबस्तान व मध्य आशियातून दख्खनमध्ये आलेल्या व्यापारी आणि लष्करी तांड्यांबरोबर सालुकी व ताझी यांच्यासारखे श्वान येथे आले आणि त्यांपासून ही जात घडली, असे सामान्यतः मानले जाते. शरीरसाधर्म्य या मताला अनुकूल आहे. लांब केसांच्या प्रकाराला ‘पश्मी’ म्हणतात. लोकर या अर्थाच्या फारसी ‘पश्म’ शब्दाचे मूळ त्यात स्पष्ट दिसते. लातूर, सोलापूर, सांगली आणि लगतचे विजापूर, बागलकोट या अवर्षणप्रवण पट्ट्यात ती स्थिरावली.

या श्वानाला राजाश्रय मिळाला तो मुधोळ संस्थानात. घोरपडे घराण्यातील मालोजीराव यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या श्वानांचे पद्धतशीर संगोपन केले. त्यांनी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली आणि तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले, असे सांगितले जाते. १९४८ मध्ये मुधोळ संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. एकाच श्वानाची दोन नावे दोन राज्यांत वावरू लागली. आजही केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था त्याची नोंद ‘कॅरव्हान हाउंड’ अशी करते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ अशी.

शरीररचना व स्वभाव

नराची उंची साधारणतः ६८ ते ७३ सेंटिमीटर असते. मादी किंचित ठेंगणी असते. लांब निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, लवचीक कणा आणि अल्प चरबी अशी ही देहयष्टी केवळ वेगासाठी आहे. पूर्ण वेगाने धावताना या वर्गातील श्वानांचे चारही पाय प्रत्येक झेपेत दोनदा जमिनीपासून सुटतात: एकदा शरीर आकुंचित असताना व एकदा पूर्ण ताणलेले असताना. लांब मुस्कटाच्या श्वानांत दृष्टिपटलावरील संवेदी पेशी आडव्या पट्ट्यात एकवटलेल्या असतात, त्यामुळे क्षितिजालगतची हालचाल त्यांना चटकन टिपता येते. माळरानासाठी ही रचना अत्यंत सोयीची आहे.

स्वभावाने कारवान अलिप्त असतो. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला सहसा खपत नाही; घरच्या माणसांवर मात्र त्याची निष्ठा गाढ असते. मारझोडीने तो बिथरतो, साखळीने खचतो. ज्वारीची भाकरी व दूध अशा साध्या आहारावर तो खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या जगला आहे. परंतु रोज मोकळे धावणे त्याला अन्नाइतकेच आवश्यक असते. सदनिकेत, शोभेसाठी त्याला पाळणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

उपयोग : काल आणि आज

ससा, काळवीट व चिंकारा यांचा पाठलाग हे कारवानचे मूळ काम. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने ते संपुष्टात आणले. अधिनियमातील ‘शिकार’ या संज्ञेत केवळ प्राणी मारणे नव्हे, तर त्यामागे श्वान सोडून पाठलाग करणे व त्याला हाकणे यांचाही समावेश होतो. म्हणजेच ज्या गुणासाठी ही जात शतकानुशतके निवडली गेली, तो गुण वन्यप्राण्यावर वापरणे आज गुन्हा आहे. हा निर्बंध योग्यच आहे. कारंजा-सोहोळसारख्या लहान अभयारण्यात मोकळा श्वान हा काळविटांच्या पाडसांना मोठा धोका ठरतो.

मग या श्वानाने करावे काय? मेडशी परिसरातील शेतकरी रोही व रानडुकरांच्या उपद्रवाने त्रस्त असतो. सोयाबीन-तुरीच्या शेताची राखण कारवान करील, अशी अपेक्षा यातून स्वाभाविकपणे निर्माण होते. परंतु रात्रीची राखण म्हणजे वास घेऊन इशारा देणे व जागेवर भुंकत राहणे. ते काम गावठी कुत्रा अधिक चांगले करतो. कारवान मूकपणे पाठलाग करील आणि मालक कायद्याच्या कचाट्यात सापडेल. भारतीय लष्कराने २०१६ च्या सुमारास मुधोळ श्वानांची पिल्ले मेरठच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअर केंद्रात प्रशिक्षणासाठी घेतली, ही बाब निश्चितच उत्साहवर्धक आहे. तथापि काही निवडक श्वानांना संधी मिळाल्याने संपूर्ण जातीला नवा व्यवसाय मिळतो असे नाही.

संवर्धनाचा प्रश्न

काम गेले की निवडीचा निकष जातो आणि निकष गेला की जात बिघडते. बेकायदा सशाच्या शिकारीसाठी व शर्यतींसाठी ग्रेहाउंडशी संकर, जवळच्या नात्यात पैदास आणि केवळ रूपावरून होणारी खरेदी-विक्री या तीन मार्गांनी ही प्रक्रिया चालू आहे. कर्नाटकाने मुधोळजवळील तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाअंतर्गत श्वान संशोधन व माहिती केंद्र उभारले. टपाल खात्याने २००५ मध्ये मुधोळ हाउंडवर तिकीट काढले. पुढे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने देशी श्वानजातींची नोंदणी सुरू केली, तेव्हा राजपालयम व चिप्पीपराई यांच्यासह ‘मुधोळ हाउंड’ची नोंद कर्नाटकाच्या नावे झाली. लातूर-सोलापूरच्या पशुपालकांनी जपलेला श्वान तोच. पण त्याच्या वंशाचे ज्ञान बहुतांशी मौखिकच राहिले आहे. जाणत्या पिढीबरोबर ते लोपण्याची भीती आहे.

निष्कर्ष

घ्राणप्रधान असो वा दृष्टिप्रधान, श्वानजात ही भूमी, सावज व माणूस यांच्या दीर्घ सहवासाची निर्मिती असते. कारवानला घ्राणप्रधान श्वानाचे काम सांगणे ही त्याची उपेक्षाच होय. त्याला टिकवायचे तर त्याच्या वेगाला निरुपद्रवी वाव हवा: कृत्रिम लक्ष्यामागील धाव, मोकळ्या वाड्यांतील संगोपन आणि वंशावळीच्या विश्वसनीय नोंदी. यांपैकी नोंदींचे काम महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. प्राणिशास्त्र विभागाने शरीरमापने घ्यावीत, इतिहास विभागाने संस्थानी कागदपत्रे तपासावीत, समाजशास्त्र व मराठी विभागांनी जुन्या पशुपालकांच्या मुलाखती आणि या श्वानाविषयीची शब्दसंपदा संकलित करावी. दोन राज्यांतील नावांचा वाद मिटेल तेव्हा मिटो. या नोंदी मात्र जाणती माणसे हयात आहेत तोवरच करता येतील.